मधली पाच पानं

शनिवारची सकाळची शाळा सुटली, मुलं दप्तरं उडवत घराकडे पळाली आणि चित्रकलेचे मास्तर एकटेच मागे राहिले. आता मुख्याध्यापकांबरोबर पत्ते खेळायला बसायचं होतं, आणि सोमवारी याच मुख्याध्यापकांच्या सहीनं मास्तरांची नोकरी कायम व्हायची होती. मागच्या वर्षी कवायतीच्या मास्तरांनी मुख्याध्यापकांना पत्त्यांत हरवलं. कवायतीचे मास्तर आता दुसऱ्याच कुठल्या गावात कवायत घेत होते.

डबा हातात देताना बायको म्हणाली होती, "अहो, सांभाळून. हरून या."

"हरायलाही खेळ यावा लागतो," मास्तर म्हणाले होते.

तेवढी विद्या मेव्हण्यानं दिली होती. "भावोजी, दोन पानं तुमच्या हातात, झाकलेली. पाच टेबलावर, उघडी, सगळ्यांची मिळून. या सातांतून ज्याची पाच सगळ्यांत भारी, तो जिंकला. बाकीच्यांनी आधीच पानं टाकली, तर उरला तो जिंकला. तुम्हाला हरायचंय ना? मग चांगली पानं आली की टाकून द्या, भिकार आली की धरून बसा."

"भिकार कशी ओळखायची?"

"दुर्री आणि सत्ती एकदम आली, की देव पावला समजा."

शिक्षकांच्या खोलीत तिघं बसले. पैसे लावायची गोष्टच नव्हती. डावावर लावायला फळ्यावरून उरलेल्या खडूंचे तुकडे प्रत्येकाच्या पुढ्यात होते. त्या काळी खडूचा नखाएवढा तुकडाही कुणी फेकत नसे. तिसऱ्या खेळाडू शिवणाच्या बाई. त्या निवृत्तीला टेकल्या होत्या, त्यामुळे त्यांना कुणाचीच भीती उरली नव्हती. पानं वाटून झाली की त्या विणकाम पुढे ओढत. मुख्याध्यापकांना मुलं मागून 'दुर्बीण' म्हणत, कारण शेवटच्या बाकावरची चिठ्ठी त्यांना दारातून दिसे.

"पत्ते थोडे कमी कळले तरी चालतं," ते म्हणाले. "मला चेहरे कळतात."

मास्तरांनी चेहरा लपवायला रुमाल काढला.

पहिल्याच डावाला दोन एक्के आले. ते त्यांनी निखारा टाकावा तसे टाकले. मग राजाची जोडी आली, तीही टाकली.

"सारखी पानं काय टाकता?" मुख्याध्यापक कडाडले. "पळपुटा शिक्षक मुलांना काय शिकवणार?"

"चुकलं सर."

आणि पुढच्या डावाला दुर्री आणि सत्ती आली. मास्तरांनी मनातल्या मनात हात जोडले.

बाईंनी मध्ये तीन पानं उघडली: राजा, गुलाम, दश्शी. "माझं काही नाही यात," म्हणत त्यांनी आपली पानं टाकली. चौथा आला एक्का, पाचवी राणी. पण मधे बघतंय कोण? दोघंही जातीचे शिक्षक. आपलं पान छातीशी धरायचं, वर तळव्याचा आडोसा करायचा आणि इकडेतिकडे बघायचं नाही, हीच आयुष्यभराची शिकवण. दोघंही आपापल्या दोन पानांवर नजर रोवून बसले.

आता एकदाचं हरून मोकळं व्हावं म्हणून मास्तरांनी सगळे खडू पुढे ढकलले. हात इतका कापत होता, की एक निळा खडू घरंगळत खाली पडला.

मुख्याध्यापकांनी दुर्बीण रोखली. "घाम आलाय तुम्हाला."

"हो सर."

"हात कापतोय."

"हो सर."

"घाबरलेले दिसता." मग त्यांचे डोळे बारीक झाले. "पण परीक्षेत चिठ्ठी असलेला पोरगाच असा कापतो. ज्याच्याकडे काही नसतं तो खिडकीबाहेर बघत बसतो. घ्या, तुम्ही जिंकलात." आणि त्यांनी नव्व्यांची जोडी खाली टाकली.

मास्तरांना कवायतीच्या मास्तरांची शिट्टी ऐकू यायला लागली. "नाही हो सर, माझ्याकडे काहीच नाही," म्हणत त्यांनी दुर्री-सत्ती उघडी केली. केली मात्र, आणि आगीतून फुफाट्यात पडल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे फसवलंत मला?" मुख्याध्यापकांचा आवाज अगदी हळू होता.

बाईंनी सुया खाली ठेवल्या. "कुणी कुणाला फसवलं नाही. मधे बघा की जरा. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का. लागोपाठ पाच, आणि रंग सगळे मिसळलेले. याच्या वरचढ कुणाच्या हातात काही असूच शकत नाही. ही पानं दोघांचीही होती. तुम्ही बसला असतात तर बरोबरी होती, सर. एक घाबरून बसून राहिला, एक घाबरून उठला."

मुख्याध्यापकांना घाबरल्याचं तोंडावर सांगणारं माणूस त्या खोलीनं पाहिलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "मास्तर, हे मधलं तुम्हाला दिसलं होतं?"

"नाही सर."

"मग कापत का होतात?"

"भीतीनं सर. सकाळपासून."

"नुसती भीती? आत दुसरं काही नाही?"

"काही म्हणजे काही नाही सर."

मुख्याध्यापकांचा चेहरा हळूहळू उजळला. "बघा बाई. पहिल्या नजरेला मी भीतीच ओळखली होती. पुढं नसतं डोकं चालवलं ते मीच. इतका निर्मळ घाबरणारा माणूस मी पाहिलेला नाही. मास्तर, सोमवारी सही करतो. आणि दर शनिवारी इथे बसायचं. माझी नजर तयार राहते."

बायको दारातच उभी होती. "हरलात ना?"

"जिंकलो."

ती उंबऱ्यावर खाली बसली. "म्हणजे गेली नोकरी."

"नाही. सोमवारी कायम होतेय."

"मग चेहरा का असा?"

"आता दर शनिवारी खेळायचंय. निवृत्त होईपर्यंत."

तिनं थोडा विचार केला. "मग दादाकडून एकदा नीट शिकून घ्या ना तो खेळ."

"नको नको," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "शिकलो तर भीती जाईल."