न वाळलेली बाई

एकविसाव्या दिवशीही हौशीरामच्या चित्रातल्या बाईला बोट लावलं की बोट रंगत होतं. हिशेबानं ती आठव्या दिवशी वाळायला हवी होती.

ही १९३४ सालची, कामशेतमधली गोष्ट. चारशे वर्षांपूर्वी इटलीत कुणीतरी रंगवलेल्या एका तरुण बाईच्या चित्राची छापील प्रत मुंबईच्या सबनीस मास्तरांनी हौशीरामला दिली होती. तैलरंगात माणसाचा चेहरा काढायचा तर आधी हिची नक्कल कर, असं त्यांचं म्हणणं. नक्कल जमली तर दिवाळीनंतर ते त्याला आपल्या चित्रशाळेत घेणार होते. नाही जमली तर वडिलांनी, भिमाजींनी, तांदळाच्या दुकानात त्याची बसायची जागा झाडून ठेवली होती.

रंग कालवायला जवसाचं तेल लागतं. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि घट्ट होतं. मास्तरांनी दिलेली बाटली संपली, तेव्हा हौशीरामनं ती गेणू तेल्याच्या घाण्यावरून भरून आणली होती. आता तो पुन्हा तिथं गेला.

"गेणूभाऊ, तेल जवसाचंच दिलं होतं ना?"

"न्हाई," गेणू शांतपणे म्हणाला. "तूच म्हनला, बाईच्या तोंडाला लावायचंय. जवसानं कातडं ओढतंय. म्हनून तिळाचं दिलं. लगीन कवा ठरलं?"

तिळाचं तेल वर्षानुवर्षं पुरतं वाळत नाही. मास्तर चार दिवसांनी पुण्याला जाताना कामशेतला उतरणार होते. नवं चित्र काढायला वेळ नव्हता. हौशीरामनं होतं तेच अंगणात उन्हाला लावलं, तर शेजारच्या भातगिरणीतलं तूस उडून बाईच्या गालावर बसलं. ते कोरड्या कुंचल्यानं हळूच टिपावं, तोवर दुसरं येऊन बसे. चार दिवस हेच चाललं. त्याची आई धोंडाबाई दारात बसून बघत होती. लहानपणी तुझंही तोंड मी एवढ्या वेळा पुसलं नव्हतं, असं तिनं ऐकवलं.

मास्तर आले आणि चित्राजवळ वाकले. पुसून पुसून गालाची आणि हनुवटीची कड विरघळली होती. उजेड कुठं संपतो आणि सावली कुठं सुरू होते, ते सांगता येत नव्हतं.

"ही कड आणायला माझ्या मुलांना तीन-तीन वर्षं लागतात. कशी आणलीस?"

हौशीरामनं घाण्यापासून तुसापर्यंत सगळं खरं सांगून टाकलं. भिमाजी दुकानाकडे बघू लागले.

"हात हलका आहे आणि खोटं बोलत नाही," मास्तर म्हणाले. "बाकीचं मी शिकवीन. दिवाळीनंतर ये."

ओलं चित्र गाडीतून नेता येईना, म्हणून बाई कामशेतलाच राहिली. दर उन्हाळ्यात ती जराशी ओघळे. हौशीराम सणाला घरी आला की तिचे गाल किंचित उतरलेले असत, डोळ्यांखाली एखादी नवी घडी असे. पुढं त्याचं नाव झालं. पुण्यामुंबईचे लोक आपलं चित्र काढून घ्यायला त्याच्यासमोर तासन्‌तास बसू लागले, आणि घरच्या भिंतीवरची ही बाई त्याला सलू लागली. दहाव्या वर्षी तो रंगपेटी घेऊनच आला. आईला म्हणाला, दोन दिवसांत हिला पहिल्यासारखी तरुण करून देतो.

धोंडाबाईनं चित्राला हात लावू दिला नाही.

"ऱ्हाऊ दे. तू गेल्यापास्नं आमी दोघी संगंच म्हाताऱ्या व्हतोय. आता ही येकलीच तरनी झाली, तर मी कुनाकडं बघू?"