गावंडे सर आणि चवीची वही

भावी पिढीच्या आरोग्याची धुरा कोणाच्या खांद्यावर आहे, हा गंभीर प्रश्न आहे. आमच्या शाळेपुरते त्याचे उत्तर देता येते. ती धुरा गावंडे सरांच्या शर्टाच्या खिशात आहे. इतर शिक्षक जिथे पेन अडकवतात तिथे त्यांचा स्टीलचा चमचा असतो. पेन ते मुलांकडून मागून घेतात.

बाभुळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात आमची चौथीपर्यंतची शाळा आहे. मी तिचा मुख्याध्यापक, म्हणजे सगळीकडे सही करणारा माणूस. गावंडे सर चौथीला शिकवतात. विषय कोणताही असो, तास जेवणावर येऊन थांबतो. अपूर्णांक ते भाकरीचे तुकडे करून शिकवतात आणि उत्तर चुकले तर तुकडा स्वतः खातात. "पह्यले ताट, मंग पाठ," हे त्यांचे ब्रीद. ते भिंतीवर रंगवून घ्यावे, असा अर्ज त्यांनी माझ्याकडे तीनदा दिला. मी तिन्ही अर्जांवर सही केली. रंग काही आला नाही.

ताटात रोज तीन रंग दिसले पाहिजेत, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. पांढरा भात, पिवळे वरण आणि हिरवे काहीतरी. पोरे घरी जाऊन रंग मोजू लागली. एके दिवशी एका मुलीची आई तणतणत शाळेत आली.

"काय शिकवून राह्यले जी सर? आमच्या इनं बापाच्या ताटात पाह्यलं अन् म्हणे, बाबा, तुमचा एकच रंग, तुमी नापास. सासऱ्यासमोर!"

"मंग? बाबांनं काय केलं?"

"काय करन? उठला, वावरातून अंबाडी घेऊन आला. तोंड वाकडं करत खाल्ली."

"पास," गावंडे सर म्हणाले.

गावातल्या दुकानात माळेसारख्या टांगलेल्या चटकदार पुड्यांवर त्यांनी बंदी घातली नाही. बंदी घातली की पोट्टे दप्तरात लपवतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पुडीच्या मागची बारीक अक्षरे मोठ्याने वाचण्याचा तास सुरू केला. "जे वाचता येत नाही ते पोटात कायले धाडता रे?" असे त्यांनी विजयी मुद्रेने विचारले. मागच्या ओळीतला एक जण उभा राहिला. "सर, मले तर 'ज्वारी'बी वाचता येत नाही." त्या दिवसापासून त्याचे वाचन भाकरीवरच्या धड्यापासून सुरू झाले.

पावसाळ्यात त्यांनी गृहपाठ दिला, की धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, खाण्याजोगे एक पान आणायचे. बहुतेकांनी तरोटा आणला, काहींनी चिवळ. एकाने पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, पान आणले. हे कोण खाते, असे विचारल्यावर तो म्हणाला, "बकरी." सरांनी त्याला अर्धा गुण दिला, कारण निरीक्षण बरोबर होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मुलांना दुपारची खिचडी वाढण्याआधी एका शिक्षकाने ती चाखायची आणि चवीच्या नोंदवहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. गावंडे सरांनी हळूहळू सगळ्यांच्या पाळ्या स्वतःकडे घेतल्या. आम्ही याला निष्ठा म्हटले, कारण त्याने आमचा वेळ वाचत होता. चाखायचे म्हणजे एक चमचा. सर ताटभर चाखत.

स्वयंपाक शेवंताबाईंकडे. अकरा वर्षे त्या शाळेची चूल सांभाळत होत्या, आणि कोणत्या पोराला कोणती भाजी चुरून, लपवून घालावी लागते हे त्यांना तोंडपाठ होते. दोघांची रोजची जुगलबंदी माझ्या खोलीपर्यंत ऐकू येई.

"शेवंताबाई, आज वरणात डाळ पोहून राह्यली. काठ नाही सापडत तिले."

"मंग तुमी काढा जी बाहीर, तुमच्यापाशी चमचा हाय नं!"

"अन् शेवग्याचा पाला?"

"घातला. डोळे तपासून आणा, मास्तर."

हे बोलणे हवेत विरत असेल अशी माझी समजूत होती. ते सगळे वहीत जात होते.

वह्या कोणी वाचत नाही, या पायावर आमचे खाते उभे आहे. पण एकदा तालुक्याचे एक साहेब आले आणि त्यांच्या गाडीचे चाक आमच्या फाटकाशीच पंक्चर झाले. ड्रायव्हर स्टेपनी शोधत असताना त्यांना दोन तास माझ्या खोलीत बसावे लागले. वर्तमानपत्र शाळेत येत नाही. त्यांनी हाताला लागलेली वही उघडली.

ती चवीची होती. वाचता वाचता त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक शेऱ्याखाली माझी सही होती. माझ्या सहीवरचे साहित्य मी त्या दिवशी प्रथमच वाचले.

"खिचडीत मूग आहे असे ऐकून आहे." "शेवग्याचे एक पान आढळले. ते वाऱ्याने आले असावे." "आज हळद इतकी, की मुले नवरदेव दिसत आहेत." "वाटाणा कडक. दोन मुलांनी गोट्या म्हणून वापरला."

"रोजची तक्रार आहे ही," साहेब म्हणाले. "तुमच्याच शिक्षकाच्या अक्षरात. आठ दिवसांत स्वयंपाकी बदलण्याचा प्रस्ताव पाठवा."

मी शेवंताबाईंना सांगितले तेव्हा त्या चुलीशी बसल्या होत्या. त्यांनी चाखायला आलेल्या गावंडे सरांकडे पाहिले.

"तुमी लिवत होते जी?"

सरांनी ताट वाढून न घेताच वर्ग गाठला. त्या दिवशी चौथीला कोणत्याच विषयात जेवण आले नाही. पोरे घाबरली.

प्रस्ताव मी नाइलाजाने पाठवला. दोन दिवसांनी सर माझ्या मोटारसायकलवर मागे बसून बाभुळगावला साहेबांच्या कार्यालयात आले. मांडीवर शेवंताबाईंच्या खिचडीचा डबा होता. साहेबांनी डब्याकडे पाहिलेही नाही.

"तुम्हीच लिहिलं ना, डाळ नाही, पाला नाही?"

"लिवलं साहेब. पण एकबी पोट्टा उपाशी उठला असं लिवलं काय? अकरा वर्सात? पोट्ट्याइले पालेभाजी खाऊ घालणारी अख्ख्या गावात ती एकच बाई हाय. मी नुसता शिकवतो. पोटात ती घालते."

"मग रोज नावं कशाला ठेवली?"

गावंडे सरांनी डब्याचे झाकण उघडून पुन्हा लावले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंडळी गेल्याले चार वर्सं झाली. पोरगी नागपूरले. घरी चूल पेटत नाही. सकाळी च्या, रात्री मुरमुरे. दिवसातून एक ताट गरम भेटते, ते या बाईच्या हातचं. अन् जेवतानी कोणाले तरी 'आज वरण पातळ झालं' म्हणा लागते नं, साहेब. घरी कोणाले म्हणू?"

मुरमुऱ्यांचे रंग मी मनात मोजले. एकच आला. चार वर्षे हा माणूस माझ्या खोलीपासून वीस पावलांवर ताटभर चाखत होता आणि मी त्याला निष्ठा समजत होतो.

साहेबांनी प्रस्ताव हातात घेतला. "ते ठीक आहे. पण यापुढे वहीत 'समाधानकारक' याशिवाय एक अक्षर नको." प्रस्ताव त्यांनी फाडला नाही. साहेब लोक कागद फाडत नाहीत. त्यांनी तो टेबलावरच्या सर्वांत खालच्या फाईलखाली सरकवला. नोकरीच्या अनुभवावरून सांगतो, हे फाडण्यापेक्षा पक्के असते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्वयंपाकखोलीच्या दाराशी थांबलो. सरांनी पहिला घास घेतला. क्षणभर थांबले. मग शांतपणे जेवत राहिले.

शेवंताबाईंनी वाट पाहिली. शेवटी त्यांनाच राहवेना.

"काय लिवलं जी आज?"

"समाधानकारक."

"म्हंजे?"

"म्हंजे चांगलं झालं."

"असं कसं?" त्यांचा चेहरा उतरला. "काहीच नाही निघालं? राग हाय काय माह्यावर, मास्तर?"

"राग कायले? वाढा अजून थोडी."

त्यांनी वाढली. सरांनी तीही संपवली, ताट धुतले आणि वर्गावर गेले.

मग पोरांची पंगत बसली आणि पहिल्याच घासाला सगळी ओरडू लागली. खिचडीत मीठच नव्हते.