मोटारीची डावी बाजू

रंग काय, कुणीही चढवतो. उतरवायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे मी! असं मी त्या काळी चारचौघांत छाती काढून सांगत असे. माझगावला एका गोदीत रंगाच्या कोठारावर मी कारकून होतो. आता कोठारात मी डबे आत घ्यायचो आणि डबे बाहेर द्यायचो, यापलीकडे माझा रंगाशी संबंध नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण दिवसभर टर्पेंटाइनच्या वासात बसलं की माणसाला रंगातलं सगळं आपोआप कळायला लागतं, असं माझं प्रामाणिक मत होतं. शिवाय त्या वासानं डोकं हलकं होतं आणि स्वप्नं फार छान पडतात. जागेपणी!

त्या दिवसांत माझं स्वप्न एकच होतं, उर्मिला. माझ्या बहिणीची मैत्रीण. दादरला हिंदू कॉलनीत राहायची. तिचे वडील चिंतामणराव सरकारी कचेरीत मोठे अधिकारी आणि स्वभावानं कडक. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालली होती. पानवाल्यापासून प्रोफेसरापर्यंत जो तो सरकारच्या नावानं शंख करत होता. अशा वेळी तोंडातून अवाक्षर न काढणारा मराठी माणूस मुंबईत बहुधा हा एकच! त्यांच्याकडे एक जुनी काळी मोटार होती. उन्हापावसानं तिचा रंग चुलीवरच्या तव्यासारखा निस्तेज झाला होता, पण त्यांचा तिच्यावर भारी जीव.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"अच्युतराव, आमच्या थोरल्या भगिनी कमळाताई गिरगावात असतात. आज त्यांना जेवायला बोलावलंय. उर्मिलाच्या लग्नाचं आम्ही त्यांना विचारूनच ठरवणार. तुम्ही मोटार घेऊन त्यांना आणाल का? चालवता येते म्हणालात ना?"

"येते म्हणजे काय! डोळे मिटून चालवतो!"

"उघडे ठेवलेत तरी चालेल," चिंतामणराव म्हणाले.

तेवढ्यात उर्मिला दारात येऊन उभी राहिली, आणि माझं निम्मं लक्ष गेलं. उरलेलं निम्मं ती हसली तेव्हा गेलं! तिच्या मनगटावर एक पांढरा ठिपका होता. रांगोळी! सकाळी सकाळी हिनं माझ्यासाठी रांगोळी घातली असणार! मला एकदम चौपाटी दिसायला लागली. मी मोटार चालवतोय, शेजारी उर्मिला, तिच्या केसांतल्या अनंताचा वास, समोर निळा निळा समुद्र, आणि रस्ता काही केल्या संपत नाही... चिंतामणराव बराच वेळ काहीतरी सांगत होते. काल कचेरीत हार घातले, आज पहाटे उठून अमुक केलं, मनावरचं ओझं उतरलं, वगैरे वगैरे. मी 'वा वा', 'छान छान' म्हणत होतो आणि ठिपक्याकडे पाहत होतो.

शेवटचं तेवढं मला ऐकू आलं. "परळ-लालबागवरून जा. सावकाश. आणि गर्दी असेल तिथे आणखी सावकाश!"

केवढा जपणारा माणूस! मोटारीची उजवी बाजू दाराकडेच होती. मी ऐटीत बसलो आणि निघालो.

हिंदमातापाशी पोचलो आणि चमत्कार सुरू झाला. डावीकडच्या फुटपाथवर साड्यांच्या दुकानाबाहेर उभी असलेली माणसं माझ्याकडे बघून चक्क हसली. एकानं टोपी काढून हवेत उडवली! मी मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे हे माझ्यासाठीच! परळला कामगारांच्या एका घोळक्यानं मुठी उंचावल्या. लालबागला एका फूलवालीनं झेंडूचं फूल मोटारीवर फेकलं! प्रेमात पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं असं ऐकून होतो, पण ते रस्त्यावरून दिसतं हे नव्हतं माहीत! मी हात हलवत, मान लववत, बैलगाडीच्या वेगानं चाललो होतो. उजवीकडचे लोक मात्र ढुंकून बघत नव्हते. तिकडे रसिकता कमी असावी, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

गिरगावात कमळाबाईंच्या वाडीत सावलीत मोटार लावली आणि वर गेलो. "बस, चहा घे, माझं आवरतेय," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत माझ्या हातात कपबशी दिली. चहा घेऊन मी गुणगुणत खाली आलो. जिन्यातून बाहेर पडताना मोटारीची डावी बाजू समोर येते. आली.

दोन्ही दारांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!'

मी बोट लावून पाहिलं. रंग अजून चिकट होता! म्हणजे मी चहा पीत असताना कुणीतरी हा डाव साधला होता! घोषणेबद्दल माझी तक्रार नव्हती. सभांमध्ये हीच घोषणा देऊन देऊन माझा घसा बसला होता. पण सरकारी अधिकाऱ्याच्या मोटारीवर? साहेबाच्या कानावर गेलं की नोकरी जाणार. नोकरीबरोबर पेन्शन जाणार. आणि मोटार माझ्या ताब्यात असताना पेन्शन गेल्यावर कुठला बाप मला मुलगी देतो! माझ्या डोळ्यांसमोरच्या चौपाटीला एकदम ओहोटी लागली.

पण मी कोण? रंग उतरवणारा माणूस! दोनदोन पायऱ्या गाळत वर गेलो.

"आत्याबाई, थोडं रॉकेल द्या. आणि चिंध्या!"

"मोटार पुसतोस? रॉकेलनं काय होतंय!" कमळाबाई वेणीचा पेड न सोडता म्हणाल्या. "शेगडीतली राख घे, चिंचेचा कोळ घे, काथ्या घे. पितळेला काय अन् पत्र्याला काय, घासल्याशिवाय तेज नाही."

सगळंच घेतलं. खाली येऊन 'सं'पासून सुरुवात केली. अक्षराच्या वळणावळणानं बोट फिरवत रॉकेल लावलं, वर राख-चिंचेनं घासलं. रंग सुटायला लागला! मी नुसता हरखून गेलो. 'सं' गेला, 'यु' निघाला, आणि पाठीवर थाप पडली.

"काय रे, काय करतंस?"

मागे वाडीतले बाबुराव उभे होते. बनियन, लुंगी, छातीवर समितीचा बिल्ला. त्यांच्यामागे वाडीतली पाचसहा माणसं, आणि वरच्या सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या!

"महाराष्ट्र पुसतंस? आमच्या वाडीत येऊन? आमच्या डोळ्यांदेखत?"

चेहरा किती सोलवटून निघेल याचा मी हिशेब करू लागलो. आणि त्या क्षणी गोदी माझ्या मदतीला धावली!

"पुसतोय कुठे? पक्का करतोय!"

"म्हणजे काय?"

"कच्चा रंग आहे हो! एका पावसात वाहून जाईल. गोदीत बोटींना आम्ही काय करतो? आधी पहिला हात खरवडून काढायचा, खालची जागा घासून तयार करायची आणि मग दुसरा हात द्यायचा. मग समुद्राच्या खाऱ्या पाण्यानंसुद्धा हलत नाही. महाराष्ट्र काय एका पावसापुरता पाहिजे आपल्याला?"

बाबुराव विचारात पडले. मग डोळे पुसत म्हणाले, "अरे, असा सांग ना! एकटो कित्याक घासतंस?" आणि वर तोंड करून ओरडले, "खाली या रे सगळे! राख आणा! एकेकान एकेक अक्षर घ्या!"

आता काय सांगावं! सारी वाडी लोटली. 'म' रामदास शिंप्यानं घेतला. 'हा' दोन सख्ख्या भावांनी मिळून घेतला. 'ष्ट्र' वाट्याला आला म्हणून गंगुबाई करवादल्या, "सगळ्यात मेहनतीचं मलाच!" पण पदर खोचून अशा भिडल्या की जोडाक्षराचा एकेक सांधा मोकळा झाला. अक्षराबाहेर कुणी काथ्या जाऊ देत नव्हतं. राख उडत होती, चिंच ओघळत होती, कुणीतरी घोषणा देत होतं, आणि घोषणा देत देत सारे मिळून घोषणा पुसत होते! मी मधोमध उभा राहून "'पा'चा काना राहिला!", "उद्गारचिन्हाचा ठिपका कोण घेतंय?" अशा सूचना करत होतो.

शेवटी पाण्याच्या बादल्या ओतल्या. सावलीत दार साफ दिसत होतं. पांढऱ्याचा मागमूस नाही!

"चला, आता ब्रश!" बाबुराव म्हणाले.

"नको!" मी किंचाळलो. "म्हणजे, इतक्यात नको. आधी दादरचं ऊन लागलं पाहिजे."

"दादरचाच?"

"तिथलं कोरडं असतं."

सुदैवानं कमळाबाई नऊवारी सावरत खाली उतरल्या आणि मी मोटार काढली ती थेट रस्त्यावर. बाबुराव मागून ओरडत होते, "दुसरो हात विसरू नको रे!"

परतीची वाट म्हणजे पुन्हा स्वप्नच. दुपारचं ऊन पसरलं होतं, रस्ते सुस्तावले होते, संकट टळलं होतं. मागे कमळाबाई पान चघळत होत्या आणि मी मनातल्या मनात मुंडावळ्या बांधून चाललो होतो. आणि काय सांगू, येतानाही डावीकडचे लोक हात करत होते! ऊन तिरपं लागलं की जास्तच! लालबागच्या चौकात तर एक ट्रॅफिक हवालदार गालातल्या गालात हसला. मला कुठेतरी खटकलं. पण तेज म्हणजे तेज! ते काय राखेनं थोडंच जातं?

दादरला पोचलो तर चिंतामणराव फाटकातच उभे. त्यांनी ना ताईंकडे पाहिलं, ना माझ्याकडे. झपाझप डाव्या बाजूला गेले. तिथे झाडाची सावली होती. ते बघतच राहिले.

"पुसलं?"

"साफ!" मी छाती काढली. "कुणी हलकटानं तुमच्या मोटारीवर—"

"मी लिहिलं होतं ते."

माझी छाती जिथल्या तिथे गेली.

"काल मी रिटायर झालो, अच्युतराव. सकाळी सांगितलं तुम्हाला." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "जन्मभर कागदावर जे लिहिलं ते साहेबाच्या मनातलं. सभा दिसली की मान खाली घालून पलीकडच्या फुटपाथनं जायचो. तरणी पोरं तुरुंगात गेली, मी कचेरीत गेलो. आज पहाटे उठून स्वतःच्या मनातलं एक वाक्य पहिल्यांदा लिहिलं. म्हटलं, लालबागच्या माणसांनी ते वाचावं. म्हणून तर त्या रस्त्यानं पाठवलं तुम्हाला."

"आणि रंगाचा डबा मी धरला होता," उर्मिला म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मनगटावरचा ठिपका अजून तिथेच होता. रांगोळी कसली! ऑइलपेंट!

मला खरंच रडू आलं. मुलगी जाणार याचं तर आलंच, पण त्याहून त्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याचं आलं.

"कुणी वाचलं तरी का?" चिंतामणरावांनी विचारलं.

"वाचलं!" मी घाईघाईनं म्हणालो. आत्ता कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडत होता. "हिंदमाताला टोपी उडवली! परळला मुठी वर केल्या! लालबागला फूल टाकलं हो तुमच्या अक्षरांवर! मला वाटलं, ते... ते जाऊ दे. सगळ्यांनी वाचलं!"

चिंतामणरावांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"येतानाही करत होते की हात," कमळाबाई मध्येच म्हणाल्या. "मीही केले."

"येताना?" उर्मिलानं वळून विचारलं. "पुसल्यावर?"

मग काय सुचलं कुणास ठाऊक, उर्मिलानं मला खूण केली आणि आम्ही दोघांनी धक्का देऊन मोटार सावलीतून उन्हात घेतली.

आणि डावी बाजू झळकली! तव्यासारख्या निस्तेज काळ्या पत्र्यावर, जिथे जिथे राख आणि चिंच फिरली होती तिथे तिथे मूळचा काळा रंग आरशासारखा लखलखत होता. काना, मात्रा, जोडाक्षर, उद्गारचिन्हाचा ठिपकासुद्धा! 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!'

चिंतामणरावांनी त्यावरून हळूच बोट फिरवलं. मग नखानं खरवडून पाहिलं. मग हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"अच्युतराव, हे तर आता सरकारलासुद्धा पुसता येणार नाही!"

उर्मिला माझ्याकडे बघत होती. समुद्र पुन्हा किनाऱ्याला लागला. अनंताचा वास आला. रस्ता लांबच लांब दिसायला लागला. मी आता काहीतरी छान, मनातलं बोलणार, इतक्यात कमळाबाईंनी निकाल दिला.

"चिंतू, मुलगा मला पसंत आहे. बोलण्यात राम नाही, पण घासतो काय सुरेख!"

पुढे महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला. त्या रात्री रोषणाई बघायला आम्ही सगळे त्याच मोटारीतून गेलो, डावी बाजू दिव्यांकडे करून! चिंतामणराव आज नाहीत. मोटारही गेली. उर्मिला आहे, आम्ही आता कमळाबाईंच्या त्याच वाडीत राहतो, आणि स्वप्नं मला अजूनही जागेपणीच पडतात. आत्ताही हे लिहिता लिहिता मी चौपाटीवरून चाललो होतो, वारा सुटला होता, आणि ती शेजारी...

"अहो, ऐकलंत का? समया घासून झाल्या, पण बंब राहिलाय! राख संपली तर गंगुबाईंच्या सुनेकडे मागा!"