नाकवालं वांगं आणि विमलअक्का

भाजीबाजारात विमलअक्का दिसल्या की आमचे जळगावचे भाजीवाले चांगला माल मागे सारतात आणि "अक्का, हे तुमच्यासाठी ठेवलंय," म्हणत पोत्याखालून काहीतरी काढतात. मुरडलेली मिरची, पोक आलेली काकडी, नाहीतर एकमेकांना चिकटून वाढलेली दोन केळी. अक्का ती वस्तू हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवतात आणि भर बाजारात हसत सुटतात.

"हाई दख, सुनीता! कशी रुसी बठनी शे!"

मी बघते. मला काकडी दिसते. अक्कांना रुसून बसलेली सून दिसते.

अक्का माझ्या शेजारी राहतात. दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला सगळं कळतं आणि माझ्या घरातलं त्यांना थोडं जास्तच कळतं. माहेर पिंपळनेरकडचं. लग्न होऊन इकडे आल्या त्याला जन्म लोटला. एरवी त्या आपल्यासारखंच बोलतात, पण आनंद झाला की अहिराणीवर येतात. म्हणजे दिवसातून बऱ्याचदा येतात.

बाजारातून आल्यावर पहिलं काम फोटोचं. आबांच्या, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याच्या, स्कूटरच्या सीटवर पांढरा नॅपकिन अंथरायचा, त्यावर भाजीला बसवायचं, उन्हाकडे तोंड करायचं, नाव द्यायचं आणि कॉलनीच्या ग्रुपवर पाठवायचं. आबा बिचारे स्कूटरची किल्ली हातात घेऊन शूटिंग संपायची वाट बघत उभे.

"तुला सांगतो सुनीता," ते एकदा भिंतीपाशी येऊन म्हणाले, "हिनं भाजीला नाव दिलं की ती शिजत नाही. परवा ढोबळी मिरची चिरायला घेतली, तर ओरडली, अहो थांबा, ते दामूकाका आहेत! घर भाजीनं भरलंय आणि मी तीन दिवस पिठलं खातोय."

आमच्या ग्रुपचं नाव 'पाणी व सूचना'. तो काढला मदनशेठनी. ते कॉलनीचे सेक्रेटरी, भांड्यांचं दुकान, वागायला कडक. पाणी कधी येणार, टाकी कधी धुणार, हे ते शुद्ध मराठीत कळवायचे आणि ते कुणीही वाचायचं नाही. वाचलं जायचं फक्त अक्कांचं वांगं. आमच्याकडची भरताची वांगी आधीच बाळसेदार, त्यात हे लांब नाकाचं. त्याचं नाव पडलं बापूसाहेब. सगळी कॉलनी दिवसभर हसत होती. संध्याकाळी शेठचा संदेश आला: "सदर ग्रुप केवळ पाण्याच्या सूचनांकरिता आहे. शिवाय आमच्यात वांगं चालत नाही."

अक्कांनी शेठना थेट फोन लावला, भिंतीवरून मला ऐकू येत होतं. "खायला चालत नाही, भाऊ. पाहायला तं चालतं ना?"

शेठ त्यावर काय बोलले कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बापूसाहेब पुन्हा हजर. खाली लिहिलेलं: "नमस्कार. उद्या सकाळी लवकर पाणी येणार आहे. मोटर लावू नये. आपला, बापूसाहेब." नियम मोडला म्हणावं तर सूचना पाण्याचीच होती. आणि गंमत म्हणजे त्या सकाळी कॉलनीत एकही हंडा रिकामा राहिला नाही. आठवड्याभरात शेठच अक्कांना फोन करायला लागले. "परवा टाकी धुणार आहे. तुमच्या भाज्यांतल्या कुणाला तरी सांगायला सांगा."

असं मजेत चाललं होतं आणि हिवाळ्यात शेठच्या पत्नी, कमलाबाई, अचानक गेल्या. आजारपण नाही, काही नाही. शेठचा मुलगा पुण्याहून आला, महिनाभर राहिला, 'चला' म्हणाला. शेठ गेले नाहीत. दुकानही मुनीमच उघडायचा. ग्रुपवर अक्कांचं काहीच येईना. कुणी विचारलंही नाही, वेळच तशी होती. मला वाटलं, अक्कांचं हसू आटलं.

एका रविवारी सकाळी मी कढीपत्ता मागायला त्यांच्याकडे गेले. बघते तर स्कूटरवर नॅपकिन आणि नॅपकिनवर एक गिलकं, म्हणजे घोसाळं. अक्का वाकून फोटो काढत होत्या.

"म्हणजे चालूच आहे की तुमचं! पाठवता कुणाला?"

"मदनभाऊंना," त्या म्हणाल्या. "एकट्यांना."

मग फोटो पाठवून, ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. सुरुवातीला शेठ फोटो उघडतच नव्हते. मग एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज रागावलेला. म्हणाले, अक्का, मला यात कधीच काही दिसायचं नाही. नाक, डोळे, काही नाही. कमला सकाळी चहा घेताना फोन माझ्यापुढे धरायची आणि बोट लावून दाखवायची, हे बघा नाक, हे बघा कान. आता मी एकटा बघतो. मला नुसतं कारलं दिसतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी फोनवर सांगितलं, डावीकडे देठाजवळ बघा, तिथे डोळा आहे. सापडला त्यांना. तेव्हापासून रोज फोन करतात. नाक सापडलं की अजून चार गोष्टी बोलतात. जेवण काय केलं, डबेवाली बाई मीठ कसं विसरली. तेवढंच दिवसाचं बोलणं असेल त्यांचं."

मी गिलकं उचलून बघितलं. उलटं धरलं, सुलटं धरलं. "अक्का, पण यात खरंच काही नाही हो."

"नाहीच शे," अक्का शांतपणे म्हणाल्या. "मीच साधं आणते आता. तोंड चटकन दिसलं तं फोन कसाले करतील?"

मी काही बोलणार इतक्यात फोन वाजला. अक्कांनी तो स्पीकरवर टाकला आणि गिलकं हातात घेऊन तयारीनं बसल्या.

"अक्का," शेठ म्हणाले, "आज सांगू नका. मला सापडलंय."

अक्का दचकल्या. "काय सापडलं?"

"म्हातारा आहे. झोपलाय. तोंड उघडं आहे. मधल्या रेषेच्या जरा खाली बघा ना!" शेठ हसत होते.

अक्कांनी पदरानं चष्मा पुसला, गिलकं उजेडाकडे धरलं, पुन्हा फिरवलं. मी वाकून बघत होते, आबाही बाहेर येऊन बघायला लागले. आम्हा तिघांनाही काही दिसेना.

"नाही दिसत, भाऊ," अक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं. "कुठे आहे? नीट सांगा बरं मला. सावकाश सांगा."