प्रतापरावांनी फळीला तेल पाजलं

"पॅसिफिकचं काय कौतुक सांगतेस? पुरातली कृष्णा पोहून गेलेला माणूस आहे मी!"

प्रतापरावांनी व्हिडिओ कॉलवर ही गर्जना केली तेव्हा ते शुगर लँडच्या घरी सोफ्यावर होते, बाहेर शंभर डिग्री फॅरनहाइटचं ऊन होतं आणि हातात गार पन्हं होतं. अशा वेळी माणूस काहीही बोलतो! पलीकडे पोर्टलंडहून मुलगी वैदेही बोलत होती. तिची दहा वर्षांची नीना, एकदा पूलमध्ये नाकातोंडात पाणी गेल्यापासून पाण्याला जाम घाबरायची. वैदेहीने तिच्यासाठी ओरेगनच्या किनाऱ्यावर सर्फिंगचा क्लास बुक केला, तर पोरीने अट घातली.

"ओन्ली इफ आजोबा कम्स. ही क्रॉस्ड अ फ्लडेड रिव्हर!"

झालं! फोन ठेवला आणि प्रतापरावांचं पन्हं तसंच राहिलं. तुमच्यापासून काय लपवायचं? कृष्णा पोहून गेला होता त्यांचा आतेभाऊ श्रीराम. प्रतापराव सांगलीच्या काठावर त्याचे कपडे धरून उभे होते! त्यांना पोहता म्हणून येत नाही. पण चाळीस वर्षं सांगून सांगून गोष्टीतून श्रीराम कधी गळाला आणि त्याच्या जागी आपण कधी पडलो पाण्यात, ते त्यांनाही आठवेना. त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई दर वेळी ती गोष्ट ऐकून फक्त "हं" म्हणायच्या.

गुडघा दुखतोय म्हणून बघितलं. बीपी वाढलंय म्हणून बघितलं. शेवटी धीर करून ते नीनाला फोनवर म्हणाले, "बाळा, नाही जमलं तर?"

"मग मी पण नाही जाणार. तुम्ही आहात म्हणून मी नाही घाबरत."

आता बोला!

वैदेहीने तिघांना किनाऱ्यावर सोडलं तेव्हा जुलै महिना असून धुकं होतं आणि वारा नुसता बोचत होता. समुद्र राखाडी. आवाज तर असा, की छातीत धडधडतंय ते आपलं की त्याचं, कळेना. त्यात पार्किंगमध्येच पाटी: समुद्राकडे पाठ करू नका! प्रतापरावांनी ती वाचली आणि त्या क्षणापासून ते खेकड्यासारखे तिरके चालू लागले.

"काका, धिस इज द ईझिएस्ट बीच!" शिकवणारी टेस हसून म्हणाली. काका म्हणायचं तिला नीनाने शिकवलं होतं. "कमरेच्या वर पाणी जाणार नाही."

'कंबर कुणाची?' हे विचारायचं प्रतापरावांच्या ओठांवर आलं होतं.

दुकानात रबरी सूट भाड्याने घ्यायचे होते. मृणालिनीबाई तिथल्या बाथरूममध्ये गेल्या त्या वीस मिनिटं बाहेरच येईनात. आल्या तेव्हा घोट्यापर्यंतच्या कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली आणि चाल जरा ताठ.

"काय गं, कंबर धरली का?"

"थंडी वाजतेय," बाई म्हणाल्या, आणि वाळूवर खुर्ची टाकून बसल्या.

सूट काही प्रतापरावांना चढेना. शेवटी नीनाच्या केसांसाठी आणलेली तिळाच्या तेलाची बाटली त्यांनी अंगाला चोपडली आणि सूट सर्रकन चढला! इतका आनंद त्यांना पेन्शनीचा कागद आला तेव्हाही झाला नव्हता. जीव थोडा भांड्यात पडला, आणि इथेच घात झाला.

त्यांचं लक्ष सर्फिंगच्या फळीकडे गेलं. वर काहीतरी पांढरं, चिकट, ढेकळाढेकळांचं लागलं होतं. "काय घाणेरडी ठेवतात! नवी बॅट आणली की आम्ही आधी तेल पाजायचो तिला." टेस दुसऱ्यांना समजावत होती तेवढ्यात त्यांनी ते चिकट खरवडून काढलं आणि उरलेली अर्धी बाटली फळीला पाजली. फळी आरशासारखी चकचकीत! पाय घसरू नये म्हणून मुद्दाम लावलेलं मेण होतं ते, हे त्यांना कोण सांगणार?

पाण्यात पाय टाकला आणि थंडीने श्वासच अडकला. नीनाने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. कोण कुणाला धरतंय, देव जाणे!

"लाट आली की झोपा फळीवर! गो, काका!"

प्रतापराव झोपले. लाटेने फळी उचलली, फळीने प्रतापराव सोडले! ते साबणाच्या वडीसारखे पुढून निसटले आणि डोक्यावर पाणी आलं. नाकात मीठ, कानात गडगडाट, वर कुठे आणि खाली कुठे! मेलो, आता खरंच मेलो! तोंड वर आलं तसे ते जिवाच्या आकांताने ओरडले,

"वाचवा! मला पोहता येत नाही हो! कृष्णा श्रीराम पोहला! मी नुसते कपडे धरले होते!"

टेसने मानगुटीला धरून उभं केलं. पाणी मांडीपर्यंत होतं.

टेसला यातलं अक्षर कळलं नाही. नीनाला सगळं कळलं.

"यू लाइड?" ती फळी टाकून किनाऱ्याकडे पळाली. "मी नाही जाणार. नेव्हर!"

प्रतापराव तसेच ठिबकत तिच्या मागे गेले. बुडायची भीती परवडली, असं त्यांना वाटलं. पोर आजीच्या कुशीत तोंड खुपसून रडत होती. "चुकलं माझं, बाळा," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात मृणालिनीबाई उठल्या. त्यांनी कोटाची चेन खाली ओढली. आत काळा रबरी सूट!

"अगं, हे काय?"

"श्रीरामभावजींनी आपल्या लग्नातच सांगितलं होतं मला. आज तुम्ही बुडाला असतात तर काढणार कोण?"

"पण तुला पोहता..."

"माहेरच्या विहिरीत उड्या मारत मोठी झाले मी. बेचाळीस वर्षांत विचारलंत कधी?"

नीनाने डोळे पुसले. "आजी, रिअली?"

"रिअली. आणि भीती मलाही वाटतेय, काय गार वारा आहे! चल, दोघी मिळून घाबरू."

मग त्यांनी चष्मा काढला, कोटाची घडी केली आणि दोन्ही प्रतापरावांच्या हातात दिलं.

"धरा. हे काम तुम्हाला येतं."

हल्ली शुगर लँडच्या पार्ट्यांमध्ये प्रतापराव नवी गोष्ट सांगतात. आमची नीना फळीवर चक्क तीन सेकंद उभी राहिली, आणि हिने तर पॅसिफिक गाजवला! कुणीतरी विचारतंच, "आणि तुम्ही, काका?"

"मी काठावर होतो," प्रतापराव घसा खाकरतात. "पण कोट अजिबात भिजू दिला नाही हं!"

मृणालिनीबाई म्हणतात, "हं. एकच बाही भिजली."