भरू द्या की कणीस

आमच्या थोरल्या जाऊबाई नवी साडी पहिली दोन वर्षं उलटी नेसतात. चुकून नव्हे, ठरवून. छापील फुलं आतल्या अंगाला, फिकी बाजू बाहेर, आणि अशा थाटात त्या एसटीनं शेवगावच्या बाजाराला जातात. कुणाचं लग्न असलं की मांडवाच्या अलीकडं एखाद्या ओळखीच्या घरात शिरतात आणि साडी सुलटी करून बाहेर येतात. एकदा गाडीत शेजारच्या बाईनं त्यांना हळूच सांगितलं की मावशी, साडी उलटी झालीय. तर म्हणाल्या, "झाली न्हाई, केलीय. सुलटी बाजू उन्हाला कशाला दाखवू? उन्हाच्या घरी लगीन हाय का?"

यांना आम्ही सगळे जिजी म्हणतो. घर तिसगावच्या पुढं, वस्तीवर. माझं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक कढीपत्त्याचं झाड आहे. त्या झाडाला आजवर स्वच्छ पाणी मिळालेलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं पाणी पाय धुवायला, आणि पाय धुतलेलं झाडाला, अशी तिथली पद्धत. उदबत्ती जिजी मोडून अर्धी लावतात. देवाला वास कळतो, लांबी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. औषधाच्या बाटलीतला कापूस, पत्रिकेचं पाकीट, सिमेंटची रिकामी गोणी, काहीही फेकायला निघालं की मागून आवाज येतोच, "असू द्या, लागतंय." आणि खोटं कशाला बोलू, लागतंही.

आता मी कुठली शहाणी होते? मी राहात्याकडची, कालव्याकाठची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या कोरड्या मुलखात आले तेव्हा सोबत बारा साड्या होत्या आणि अक्कल एकही नव्हती. पाणी हे आपोआप वाहतं, असा माझा समज. पहिल्याच सकाळी अंगणात सडा टाकायला मी दोन भरलेल्या बादल्या ओतल्या. जिजी दारात उभ्या होत्या. उतू गेलेल्या दुधाकडं बाई जसं बघते तशा त्या चिखलाकडं बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, काय दरिद्री माणसं आहेत. मग वडील मला भेटायला उसाची मोळी घेऊन आले. आम्ही ऊस खाल्ला, आणि चोथा वाळवून जिजींनी चार दिवस चूल पेटवली. मी आईला पत्रात लिहिलं की मला घेऊन जा, इथं थुंकलेलंसुद्धा वाया जात नाही.

त्याच हिवाळ्यात मी चोरी केली. ज्वारी दुधात आली होती आणि मला हुरड्याची तल्लफ आली. जिजींचा नियम असा की कोवळ्या कणसाला हात लावायचा नाही. "आज मूठभर खाल, ती जेठात पाटीभर कमी पडती. भरू द्या की कणीस." मी दुपारी वीसेक कणसं मोडली, पदराखाली लपवली आणि गोठ्यामागं जाळ केला. जाळ लपत नाही, एवढंही त्या बारा साड्यांच्या मालकिणीला कळलं नव्हतं. धूर बघून जिजी धावत आल्या आणि त्यांनी जाळ विझवला, तोही मातीनं. पाणी कोण वाया घालवणार! मग अर्धीकच्ची, अर्धीजळकी कणसं त्यांनी निवडली, दाणे काढून वाळवले, दळले. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात एक काळपट भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "घे इमल, तुझा हुरडा." ती भाकरी गिळताना मी जिजींचा जन्मभर द्वेष करायचं ठरवलं. तो जेमतेम संक्रांतीपर्यंत टिकला. तेव्हा मला ताप आला आणि त्या तीन दिवस उशाशी बसल्या.

तर हुरड्याचं असं आहे. कणीस दुधात असतं ते फार तर पंधरा दिवस. एकदा दाणा टणक झाला की पुढल्या सालापर्यंत वाट बघायची. आमच्या घरानं अशी पन्नास सालं वाट बघितली.

गेल्या पावसाळ्यात जिजींचे मालक, आमचे बापू, छातीत दुखून नगरच्या दवाखान्यात पडले. वाचले, पण घरी आले ते निम्मे होऊन. बापू आधीच अबोल. एक वाक्य बोलले की दुसरं त्यांना जड जातं. मार्गशीर्षात एका संध्याकाळी चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाले, "औंदा पोरांना बोलवून आपल्याच रानात हुरडा करू, एकदा."

जिजी लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भरू द्या की कणीस."

बापूंनी टोपी उचलली आणि बाहेर गेले. मला मात्र ते 'एकदा' काही सोडेना.

मी रोज रानात जाऊन दाण्याला नख लावून बघायला लागले. आधी दूध यायचं, मग चिकट व्हायला लागलं. इकडं पुण्याला जिजींचा मुलगा दत्ता म्हणत होता की सुट्टी सव्वीस जानेवारीला जोडूनच मिळेल. तोवर सगळं संपणार होतं. शेवटी मी जिजींना गाठलं. त्या ओट्यावर धान्य पाखडत होत्या. म्हटलं, "जिजी, माणूस थकला. आता कुणासाठी साठवताय?"

"साठवलं म्हणून थकायला तरी राहिला," त्या म्हणाल्या. "न्हाईतर मागं दुष्काळ पडला तवाच गेलं असतं समदं घर."

मी म्हातारी झाले तरी माझी जीभ एकोणीसच वर्षांची आहे. मी बोलून गेले, "तुम्हाला नवऱ्यापेक्षा दाणे प्यारे."

सुपाचा आवाज थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. सुपातला एक खडा वेचून टाकला आणि पुन्हा पाखडायला लागल्या. त्यानंतर तीन दिवस आम्ही दोघी कढीपत्त्याच्या दोन बाजूंना मुक्या होतो.

दत्ता आला, सून आली, नातवंडं आली. बापू पोरांना रानात घेऊन गेले. मीही मागोमाग गेले. दाणा दाताखाली कडकन वाजत होता. बापू एकेक कणीस वाकवून दाखवत होते आणि म्हणत होते की थोडं आधी यायला पाहिजे होतं. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

तेवढ्यात जिजी आल्या, डोक्यावर गोवऱ्यांची पाटी. आमच्याकडं न बघता म्हणाल्या, "हितं काय करताय? चला, हिरीच्या अंगाला."

विहिरीपलीकडं ज्वारीच्या सहा ओळी होत्या, हिरव्यागार. मी रोज लांबून बघत होते. विचारलं तेव्हा जिजींनी जनावरांच्या हिरव्या चाऱ्याचं कडवळ आहे म्हणून सांगितलं होतं. त्या रोज सकाळी तिथं बसून पत्र्याचा डबा बडवत पाखरं हाकायच्या, आणि मी गावभर सांगत फिरायचे की आमच्या जाऊबाई आता कडवळालाही राखण बसतात. कडवळाला पाखरं कशाला येतील, हे मला सुचलं नाही. मी एक कणीस धरून नख लावलं. दूध.

बापू दवाखान्यातून आले त्याच आठवड्यात, सगळ्या रानाची पेरणी उरकल्यावर वीस दिवसांनी, जिजींनी हुरड्याच्या गुळभेंडी ज्वारीचं बी मागून आणून या ओळी टाकल्या होत्या. दत्ताची सुट्टी कधी असते ते धरून. बापूंनी तोंड उघडायच्या कितीतरी आधी.

मला आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर रोज नख लावून निम्मी कणसं नासवली असतीस. मला ठाव हाय तू."

आगटी पेटली. जिजी निखाऱ्यातून काढलेलं गरम कणीस उघड्या तळव्यावर चोळायच्या, फुंकर मारून फोल उडवायच्या आणि दाणे वाटायच्या. पहिली मूठ बापूंना. मग पोरांची झुंबड. लसणाची चटणी संपली, गूळ संपला, तरी त्यांचे हात थांबेनात. स्वतःच्या तोंडात एक दाणा नाही. सुनेनं आग्रह केला तेव्हा कळलं की लग्न झाल्यापासून त्यांनी हुरडा खाल्लेलाच नाही.

मग बापूंनी स्वतः एक कणीस चोळलं. हात भाजले, निम्मे दाणे मातीत सांडले, आणि जिजी चक्क काही बोलल्या नाहीत. बापूंनी मूठ पुढं केली. जिजींनी दाणे पदरात घेतले आणि पदराला गाठ मारायला लागल्या.

"बांधू नको," बापू म्हणाले. "हितंच खा."

त्या आमच्याकडं पाठ करून बसल्या आणि खाल्ले. मग तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "गोड हाय." आणि पदर झटकत, "पुढल्या साली बारा ओळी टाकू."

मग त्या वळल्या आणि बापूंना विचारलं, "टाकू ना?"

"टाक की," बापू म्हणाले. "पाखरं हाकायला मी बसतो."