दिव्याखालचा ठिय्या

एसटीच्या थांब्यावरचा प्रवासी निवारा बांधून झाला त्या दिवशी अनंतने तो चारही बाजूंनी पाहिला आणि स्वतःवरच खूष झाला. छत पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, दाबून केलेल्या फळ्यांचं, भिंती मातीच्या विटांच्या, वर सौरदिवे. लोहाऱ्याच्या रस्त्यावर पर्यावरणाची एवढी काळजी आजवर फक्त बकऱ्यांनी घेतली होती. अनंत पालिकेत नऊ वर्षं कंत्राटी अभियंता होता. निवाऱ्याचा वापर कसा होतो ते पाहायला नागपूरहून पुंडलिकराव नावाचे साहेब येणार होते, आणि त्यांचा शेरा चांगला पडला तर अनंत कायम होणार होता.

वापर तर असा झाला की विचारू नका. लोडशेडिंगमुळे संध्याकाळी सगळा रस्ता काळाकुट्ट, उजेड काय तो निवाऱ्यात. दहावीच्या मुली पुस्तकं घेऊन आल्या, बाया तांदूळ निवडायला आल्या, न्हाव्यानं खुर्ची मांडली, पत्त्यांचे दोन डाव बसले. अनंतला अगदी भरून आलं. प्रवाशांना टेकायला जागा उरली नाही, हेही त्याने यशातच धरलं.

चौथ्या दिवशी कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या कांताबाईनं त्याला रस्त्यातच गाठलं.

"साहेब, तीन दिवस झाले, बोरीची गाडी येऊनच नाही राह्यली. पायी घरी जाऊन राह्यली मी!"

अनंत तडक आगारात गेला. बोरी अरबच्या गाडीचा चालक देवसिंग निवांत चहा पीत होता.

"थांबू कसा साहेब? कापसाच्या भावापायी रोज कुठं ना कुठं रस्ता रोको हाय. दोन काचा फुटल्या माह्या गाडीच्या. दिवा लावून एवढी माणसं बसलेली दिसली का मी गाडी मागच्या रस्त्यानं घालतो."

"अहो, ते आंदोलक नाहीत! पत्ते खेळतात!"

"दुरून मले पत्ते दिसतेत काय?"

दिवा बंद करावा, तर पुंडलिकराव नेमका दिवाच पाहायला येणार, आणि तेही याच गाडीनं. मग गर्दी दुरूनही शांत प्रवाशांचीच दिसावी म्हणून अनंतने अभियंत्याला शोभेल असा उपाय काढला. साहेब येणार त्या गुरुवारी संध्याकाळी त्याने सगळ्यांना हात जोडले. "आजच्या दिवस कोणी उभं राहू नका. ओळीनं बसा, शांत बसा, गाडी येते तिकडे तोंड करून."

माणसं भली होती. सत्तर जण मांडी घालून ओळीनं बसले. इतका शिस्तीचा ठिय्या अख्ख्या जिल्ह्यानं पाहिला नव्हता.

देवसिंगनं दुरूनच ब्रेक मारला. पुंडलिकरावांना तिथंच उतरवलं आणि गाडी मागच्या रस्त्याला वळवली. साहेब फाईल छातीशी धरून चालत आले. आंदोलनांच्या त्या दिवसांत बसलेली माणसं दिसली की साहेब लोकांच्या तोंडून एकच प्रश्न निघे.

"तुमची मागणी काय?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. काही मागायचं आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण साहेब आपणहून विचारतोय म्हटल्यावर कांताबाई उठली. "बोरीची गाडी इथं थांबली पायजे!"

"थांबलीच पायजे!" सत्तर जण गरजले.

अनंत धावत पुढे आला. "साहेब, हे आंदोलन नाहीये, हे आपले..."

"यांना इथे बसवलं कोणी?"

"या साहेबायनं!" सगळ्यांनी कौतुकानं अनंतकडे बोट दाखवलं.

नऊ वर्षं पाण्यात गेली, असं वाटून अनंतला खरोखरच रडू फुटलं. ते पाहून कांताबाईला राहवलं नाही. "अन् दुसरी मागणी! या साहेबाले कायम करा. तोवर आमी उठत नाही!"

पुंडलिकरावांनी मागे वळून पाहिलं. गाडी केव्हाच गेली होती. त्यांनी कोरा कागद काढला आणि सौरदिव्याच्या लख्ख उजेडात दोन्ही मागण्यांचं लेखी आश्वासन दिलं.

महिन्याभरात अनंत कायम झाला. पहिल्या मागणीवर विचार सुरू होता. तो कायम झाल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी पालिकेतले बावीस कंत्राटी कर्मचारी सतरंज्या घेऊन निवाऱ्यात येऊन बसले, आणि कायम कर्मचारी म्हणून अनंतला पहिला आदेश मिळाला: आंदोलकांना उठवावे.

तो गेला, तर त्यांनी आदरानं सरकून त्याला जागा दिली. "सर, एवढं सांगा, तुमी रडले ते मागणीच्या आधी का नंतर?"

तेवढ्यात डबा घेऊन कांताबाई समोरून पायीच चालली होती. त्याला पाहून ती थांबली.

"मागण्या दोन होत्या साहेब," ती म्हणाली. "माही पयली होती."